गाऊ, ताईत, टाक आणि संपुष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिबेटी गाऊ, घरातला जुना ताईत आणि प्रवासात सोबत नेलेले देव यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर वाचण्याआधी आपल्या हातातल्या डबीत काय आहे ते ठरवा: देव आहे, लिहिलेली रक्षा (वाईटापासून वाचवणारा मंत्र किंवा यंत्र) आहे की थोरामोठ्यांची आठवण? पुढचे जवळजवळ सगळे नियम त्यावरच ठरतात.

१. गाऊ म्हणजे काय? तिबेटी ताईतच ना?

अर्धं बरोबर. गाऊ ही धातूची पोकळ डबी. तिबेटी माणूस लांबच्या वाटेला निघाला की ती पट्ट्याने खांद्यावरून तिरकी अडकवतो किंवा कमरपट्ट्याला बांधतो. मुक्कामाला पोचल्यावर तीच डबी उंच जागी मांडून तिच्यापुढे दिवा लावतो. म्हणजे अंगावर असताना ती रक्षा आणि उतरवून मांडली की देवघर. म्हणूनच मोठ्या गाऊला दर्शनी बाजूला एक खिडकी असते आणि तिच्यातून आतली मूर्ती दिसते. आपला ताईत चहूबाजूंनी बंद असतो, कारण त्याचं दर्शन घ्यायचं नसतं, तो फक्त धारण करायचा असतो. नेपाळीत अशा डबीला ‘जंतर’ म्हणतात.

२. मराठी घरातल्या कोणत्या वस्तूशी गाऊची तुलना करावी?

एका वस्तूशी करता येत नाही, कारण गाऊ करतो ती कामं आपल्याकडे वेगवेगळ्या वस्तूंत वाटली गेली आहेत. देव ठेवायची झाकणाची धातूची डबी म्हणजे संपुष्ट. गाऊच्या देवघरपणाला तीच सर्वांत जवळची. मंत्र किंवा यंत्र बंद केलेली नळी अथवा चौकोनी पेटी म्हणजे ताईत. मंतरून गाठी मारलेला दोरा म्हणजे गंडा. तिबेटी ‘सुंगदू’ तसाच असतो. (गवई शिष्याला बांधतात तो गंडाही याच शब्दाचा, पण ते प्रकरण वेगळं.) लिंगायतांच्या गळ्यातला चांदीचा चौका (इष्टलिंगाची डबी) दिसायला गाऊसारखा असला तरी अर्थाने फार निराळा आहे, त्याबद्दल प्रश्न ११ पाहा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठावलेला देव. तो डबीत बसतो, पण तो स्वतः मूर्ती आहे.

यापलीकडे डोक्यावरून फिरणारे देव्हारे आहेत: कडकलक्ष्मीवाल्यांचा मरीआईचा देव्हारा, जोगतिणींच्या डोक्यावरचा यल्लम्माचा जग. राजस्थानात चितोडगडजवळच्या बस्सी गावात सुतार दारांवर दारं उघडत जाणारं चित्रांचं लाकडी देऊळ करतात, त्याला ‘कावड’ म्हणतात. शिखर शिंगणापूरच्या पाण्याच्या कावडीशी त्याची गल्लत करू नका.

३. ही पद्धत मुळात हिंदू की बौद्ध?

बौद्ध धर्माच्या आधीपासूनची, आणि दोन्हींत चालत आलेली. अथर्ववेदात ‘मणी’ बांधण्याची सूक्तंच आहेत: जंगिड वनस्पतीच्या मण्याचं (२.४), शंखाच्या मण्याचं (४.१०), ‘प्रतिसर’ म्हणजे उलटून वार करणाऱ्या रक्षेचं (८.५). हाच शब्द पुढे बौद्धांच्या पंचरक्षा ग्रंथांत ‘महाप्रतिसरा’ या देवीच्या नावात येतो. तिची धारणी म्हणजे रक्षामंत्र लिहून दंडाला किंवा गळ्यात बांधावी असं त्या ग्रंथातच सांगितलं आहे. नेपाळच्या नेवार घरांत पंचरक्षा आजही पूजेत आहेत. गांधार शैलीतल्या बोधिसत्त्वांच्या मूर्ती नीट पाहिल्या तर छातीवरून तिरक्या गेलेल्या दोरीत नळकांड्यासारखे ताईत ओवलेले दिसतात. आज बाजारात मिळणारी चांदीची नळी त्याच घाटाची आहे.

शब्दाचं म्हणाल तर ‘ताईत’ हा अरबी ‘तअवीज’वरून आला, आणि इतका मुरला की लाडक्या माणसाला आपण ‘गळ्यातला ताईत’ म्हणतो.

४. गाऊच्या आत नेमकं काय असतं?

घरोघर वेगळं, पण बहुधा यांतलं काही ना काही सापडतं.

त्सत्सा: साच्यात दाबून काढलेली मातीची बोटभर मूर्ती किंवा स्तूप. उच्चार ‘चाफा’तल्या ‘च’चा, ‘चहा’तल्या ‘च’चा नाही. कधी मातीत मृत गुरूंच्या चितेची राखही मळलेली असते. पुष्कळ त्सत्सांवर ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही बौद्ध गाथा उमटवलेली असते. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही हीच गाथा असलेले मातीचे छोटे ठसे सापडले आहेत, त्यामुळे ही वस्तू आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

सुंगखोर: ठशाने छापलेलं वर्तुळाकार रक्षाचक्र. घडी घालून त्यावर पाच रंगांचा दोरा आडवा-उभा गुंडाळतात.

लामांनी दिलेल्या वस्तू: चीवराचा तुकडा, केस, मंतरलेले धान्याचे दाणे, सुंगदू.

गोळ्या: इथे सावध राहा. प्रसादाच्या गोळ्या वेगळ्या आणि ‘रिंचेन रिलबू’ म्हणजे रत्नगोळ्या वेगळ्या. रत्नगोळ्या हे तिबेटी वैद्यकातलं औषध आहे, रेशमात बांधून त्या मोहोरबंद केलेल्या असतात आणि त्यांतल्या काहींत शोधित पारा असतो. जुन्या डबीत सापडलेली गोळी प्रसाद समजून तोंडात टाकू नये.

काहींजवळ ‘ताकड्रोल’ असतं. शब्दशः अर्थ ‘धारण केल्याने मुक्ती’. हे मंत्र वाचायचे नसून अंगावर बाळगायचे असतात.

५. पुरुषांचा आणि बायकांचा गाऊ वेगळा असतो का?

हो. प्रवासाचा पुरुषी गाऊ मोठा, साधारण १० ते १५ सेंटिमीटर उंच, वर कमानीसारखं टोक, पुढचा पत्रा चांदीचा आणि मागचा तांब्याचा किंवा पितळेचा. बाजूला कड्या असतात, त्यांतून पट्टा जातो. कमानीवर बहुतेक वेळा कीर्तिमुख असतं, आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर असतं तेच. भोवती अष्टमंगल चिन्हं, कधी कालचक्र या बौद्ध तंत्राचं दहा बीजाक्षरांचं ‘दशाकारवशी’ चिन्ह.

बायकांचा गाऊ हा दागिना. तो लहान असतो, पोवळी आणि फिरोजा मढवलेला, मण्यांच्या माळेत ओवून छातीवर घेतलेला. मध्य तिबेटातला घाट म्हणजे दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारखी आठ टोकांची चांदणी. लडाखमध्ये बायकांच्या ‘पेराक’ या फिरोजा जडवलेल्या शिरोभूषणावरही चांदीची चौकोनी गाऊ-डबी शिवलेली दिसते.

६. रिकामा गाऊ विकत घेतला आहे. तो कसा भरायचा?

आधी डबी स्वच्छ करून उन्हात पूर्ण कोरडी करा. सांध्यात ओल राहिली तर महिन्याभरात कागदावर बुरशी येते. आत कोऱ्या रेशमी किंवा सुती कापडाचं अस्तर द्या. मंत्राच्या कागदाची वरची बाजू गुंडाळण्याआधीच लाल टिंब देऊन खुणावून ठेवा, कारण गुंडाळी झाल्यावर वर-खाली कळत नाही आणि उलटा मंत्र ठेवणं हा इथला मोठा दोष मानतात. मूर्ती खिडकीकडे तोंड करून बसवा. मागे मंत्राची गुंडाळी आणि बाकीच्या वस्तू ठेवून उरलेली पोकळी कापडाने भरून घ्या. डबी कानाशी हलवून पाहा. आवाज आला तर भरण कमी आहे. मातीची त्सत्सा अशीच आपटून आपटून आठवड्याभरात भुगा होते.

खाद्यपदार्थ, ताजी फुलं, ओला अंगारा आत घालू नका, किडे लागतात. शेवटी मागची पट्टी सरकवून बंद करा आणि लामांकडून ‘रबने’ म्हणजे प्रतिष्ठा करून घ्या. त्याशिवाय ती भरलेली डबी आहे, गाऊ नाही. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. कर्नाटकात मुंडगोड आणि बैलकुप्पे इथे मोठे विहार आहेत.

७. ताईतातलं भूर्जपत्र कसं तयार करतात? आमचं दर वेळी तडकतं.

तडकतं, कारण त्याची घडी घातली जाते. भूर्जपत्र ही हिमालयातल्या भूर्ज वृक्षाची साल. ती गुंडाळी सोसते, घडी सोसत नाही. खऱ्या सालीवर आडव्या बारीक रेघा असतात आणि नखाने तिचे पापुद्रे सुटतात. तसं होत नसेल तर तो रंगवलेला कागद आहे.

एक पापुद्रा सोडवून साधारण ५ सेंटिमीटरचा चौकोन कापतात. शाई अष्टगंधाची किंवा केशराची, लेखणी डाळिंबाच्या काडीची. शाई घट्टसर हवी, पातळ झाली की पापुद्र्यात पसरते. अंकयंत्र असेल तर घरं ओळीने भरायची नसतात, अंक चढत्या क्रमाने लिहायचे. उदाहरणार्थ पंधराच्या यंत्रात (८, १, ६ / ३, ५, ७ / ४, ९, २) आधी १ त्याच्या घरात, मग २ त्याच्या घरात, असं ९ पर्यंत. वाळल्यावर लेखन आतल्या बाजूला ठेवून गुंडाळतात, त्यावर दोरा घेतात आणि नळीत सरकवतात.

दुसरी चूक नळी बंद करताना होते. तापलेली लाख थेट ओतली की वरची कड जळते. डाग (झाळण) देऊन टोपी बसवली तर अख्खी गुंडाळीच करपते. आधी कापसाचा बोळा, त्यावर मेण, मग टोपी. प्लॅस्टिकच्या आवरणातला छापील कागद घातला तर त्यात घाम अडकतो, आणि तो सालीपेक्षा लवकर कुजतो.

८. आजीचा ताईत उघडून पाहिला तर चालेल का?

परंपरा दोन्हीकडे ‘नाही’ म्हणते: बंद केलेली रक्षा उघडली की ती मोडली. गाऊची मागची पट्टी मात्र सरकते, कारण आतल्या वस्तूंत भर घालायची मुभा असते. तिथेही दोरा गुंडाळलेला सुंगखोर सोडत नाहीत.

आठवण म्हणून जपायचा असेल तर न उघडण्याला व्यवहारी कारणही आहे. पन्नास वर्षं गुंडाळलेली साल उलगडताना तिचे तुकडे होतात. नळी फुगली असेल, हिरवी पडली असेल किंवा तिच्यातून वास येत असेल, तर उघडावीच लागते. अशा वेळी गुंडाळी नळीतून काढा, पण उलगडू नका. सावलीत वाळवून नव्या नळीत ठेवा.

९. दोन महिने मुलाकडे परदेशी जायचं आहे. घरचे देव न्यावेत की ठेवावेत?

घरचे देव शास्त्राने ‘चल’ प्रतिष्ठेचे असतात, देवळातल्यासारखे अचल नसतात. ते हलवण्यात दोष नाही. प्रश्न उरतो तो पूजेचा: मागे राहिलेल्या देवांची पूजा करणारं कोणी असेल तर ते राहू द्या, नसेल तर सोबत न्या. काही घरांत कुलदेवतेचे टाक हलवत नाहीत. तिथे देव तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि प्रवासात सुपारीवर आवाहन करून पूजा करतात. (‘देव पाण्यात घालून बसणे’ हे वेगळं. तो देवाशी मांडलेला हट्ट आहे.)

प्रवासाला सर्वांत सोयीचं आहे पंचायतन: विष्णूचा शाळिग्राम, शिवाचा नर्मदेतला बाण, गणपतीचा शोणभद्र, सूर्याचा स्फटिक आणि देवीची सुवर्णमुखी शिळा. हे पाषाण स्वयंभू मानले जात असल्याने त्यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, आणि पाचही एका मुठीत मावतात. त्यातला शाळिग्राम येतो नेपाळच्या मुस्तांगमधून, काळी गंडकीच्या पात्रातून. तो मुळात ज्युरासिक काळातल्या सागरी जिवाचा जीवाश्म. तिथल्याच मुक्तिनाथाला तिबेटी बौद्ध ‘छुमिग ग्यात्सा’ म्हणून नमस्कार करतात.

बांधणी: प्रत्येक देव वेगळ्या कोरड्या कापडात, मधल्या जागेत कापूस, मग संपुष्टात. मूर्तींसोबत अक्षता सुट्ट्या टाकू नका, चांदीवर ओरखडे येतात. ताम्हन आणि पळी सामानात. विमानात कापूर आणि काडेपेटी चालत नाही, सुकं खोबरंही अडवतात. ते पोचल्यावर घ्या.

१०. टाकावरचा देव झिजून ओळखू येईनासा झाला आहे. नवा करावा का?

टाक म्हणजे ठशावर ठोकून उठाव आणलेला पातळ चांदीचा पत्रा, मागून बहुधा तांब्याचा आधार. पत्रा इतका पातळ असतो की रोज चिंचेने घासला तर एका पिढीत खंडोबाचा घोडा सपाट होतो.

नाक-डोळे गेले, पण पत्रा अखंड आहे: सोनाराकडून उजळून घ्या. लग्नकार्याआधी देव उजळून आणण्याची रीत आहेच. पत्रा फाटला, मागचा तांब्याचा पत्रा सुटला किंवा घर वेगळं झालं, तर नवा करतात. सोनाराला फोटो दाखवून भागत नाही, जुना टाकच न्या. म्हाळसा घोड्यावर पुढे बसली आहे की मागे, खाली कुत्रा आहे की नाही, हे घराण्याप्रमाणे बदलतं. नवा टाक जेजुरीला किंवा आपल्या कुलदैवताला नेऊन देवाला भेटवतात आणि मग देव्हाऱ्यात बसवतात. जुन्याची चांदी नव्यात घालायची का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. दोन्ही रीती आहेत. वीराचे म्हणजे पूर्वजांचे टाक असतील तर ते सहसा वितळवत नाहीत. नाशिकला धुळवडीला हेच वीर वाजतगाजत गोदाकाठी नेले जातात.

११. लिंगायतांचा चौका हाही ताईतच का? झोपताना काढून ठेवता येतो का?

नाही, आणि नाही. आतलं इष्टलिंग हे वाईटापासून वाचवणारं साधन मानत नाहीत, तो साक्षात देव आहे. दीक्षेच्या वेळी गुरू ते देतात. फिकट दगडाच्या छोट्या लिंगावर गोमयाची राख आणि इतर द्रव्यांचा काळा टणक लेप असतो, त्याला ‘कांती’ म्हणतात. पूजेच्या वेळी ते चौक्यातून काढून डाव्या तळहातावर घेतात आणि त्यावर दृष्टी स्थिर करतात. पूजा झाली की पुन्हा अंगावर. ते मरेपर्यंत अंगावर राहतं, आणि दफनातही देहासोबत जातं.

व्यवहारात दोन गोष्टी बिघडतात. शिवदारा म्हणजे चौक्याचा दोरा घासून तुटतो: कड्यांजवळचा भाग दर महिन्याला तपासा. आणि कांतीला तडा जातो, बहुतेक वेळा अतिगरम पाण्याने किंवा लिंग हातातून निसटल्याने. तडा गेला किंवा लिंग हरवलं तर बाजारातून दुसरं आणून घालायचं नसतं, गुरूंकडे किंवा जंगमांकडे जायचं.

१२. स्वच्छतागृहात, झोपताना, सुतकात, मासिक पाळीत काढावं का?

तिबेटी रीत बरीचशी उंचीची आहे: गाऊ जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, कमरेखाली लोंबू द्यायचा नाही, रात्री उशाकडे वर टांगायचा. पॅंटच्या मागच्या खिशात तर नाहीच.

ताईताबाबत प्रत्येक देणारा वेगळा नियम सांगतो. सर्वमान्य असा ग्रंथ नाही. ज्याच्याकडून घेतला त्याचा नियम पाळा, तो माहीत नसेल तर घरची रीत.

लिंगायत तत्त्वज्ञानाने हा प्रश्नच निकालात काढला आहे. तिथे पंचसूतकं, म्हणजे जन्म, मृत्यू, रज, उष्टं आणि जात यांचा विटाळ, मानत नाहीत. इष्टलिंग कोणत्याही दिवशी काढायचं कारण नाही.

१३. चांदी काळी पडली आहे आणि गळ्यावर हिरवा डाग पडतो. खोटी आहे का?

काळेपणा खोटेपणाची खूण नाही. हवेतल्या गंधकाने चांदीवर थर चढतो. हिरवा डाग तांब्याचा: मागचा पत्रा तांब्याचा असतो किंवा चांदीतच भेसळीचं तांबं असतं, घामातल्या मिठाशी त्याचा संयोग होतो. मागच्या बाजूला मऊ कापडाचा तुकडा शिवला की थांबतो.

साफ करायचं तर आतलं सगळं आधी काढा (ताईत असेल तर प्रश्न ८ पाहा). रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं. टूथपेस्ट नको, तिच्यात खरखरीत पूड असते. चिंच आणि पितांबरी फक्त साध्या तांब्या-पितळेवर. सोन्याचा मुलामा असेल तर अजिबात नाही, तो थर एका घासण्यात जातो. पोवळं आणि फिरोजा असलेला गाऊ पाण्यात बुडवू नका, खडे लाखेवर बसवलेले असतात. खोबणीतला काळेपणा राहू द्या, त्यानेच नक्षी उठून दिसते.

१४. बाळाच्या गळ्यात ताईत बांधला तर?

गळ्यात नको. झोपेत दोरा अडकून फास बसतो. बांधायचाच असेल तर कमरेच्या करगोट्याला किंवा दंडाला, बोट जाईल इतका सैल. नायलॉनचा दोरा तुटत नाही, सुती घ्या. नळीची टोपी सुटते का ते ओढून पाहा, ती गिळली जाते.

आणखी एक धोका शिशाचा. स्वस्त धातूच्या ताईतात आणि सांध्याच्या झाळणात शिसं असतं, आणि बाळ हाती येईल ते चघळतं. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये एका बाळाला कंबोडियन पद्धतीच्या ताईतातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे.

१५. एमआरआयच्या आधी काढायलाच हवं का? विमानतळावर काय करायचं?

एमआरआयला काढायलाच हवं. चांदी आणि तांबं चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण तापतं. आत लोखंडी तार असेल तर ओढलंही जातं. छातीच्या एक्स-रेत डबीची सावली पडते. इष्टलिंग असेल तर घरच्या माणसाच्या हातात द्या, ट्रेमध्ये ठेवू नका.

विमानतळावर डबी स्वतःहून काढून वेगळ्या ट्रेमध्ये द्या. लाखेने बंद केलेली डबी उघडायला सांगू शकतात.

१६. जुना तिबेटी गाऊ म्हणून विकतात तो खरा कसा ओळखायचा?

पहिली गोष्ट, ‘तिबेटी चांदी’ हे बाजारातलं नाव आहे. त्यात बहुतेक वेळा चांदी नसतेच, पांढरी मिश्रधातू असते आणि कधी शिसंही. चांदी असेल तर शुद्धता लिहून मागा.

मग मागची पट्टी काढून पुढच्या पत्र्याची आतली बाजू पाहा. हाताने उठाव काढलेल्या पत्र्यावर आत खळगे आणि ठोक्यांच्या खुणा दिसतात. ओतीव नकल आतून सपाट आणि जड असते. खरी झीज ठराविक जागी असते: कड्यांच्या आत, पट्टी सरकते त्या कडेला, छातीला लागणाऱ्या पाठीवर. सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो चोपडलेला आहे. पोवळ्यावर आणि फिरोजावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवा. रंग सुटला तर खडा रंगवलेला. डबी उघडतच नसेल तर तो गाऊच्या आकाराचा लॉकेट आहे. घ्यायला हरकत नाही, किंमत लॉकेटची द्या.

१७. वाघनख, हत्थाजोडी, सियारसिंगी ताईतात घालतात. ते कायदेशीर आहे का?

नाही. वाघनख, हत्तीच्या शेपटीचा केस हे सगळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं. आजोबांच्या काळातलं असलं तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३च्या नियमांनी जुना साठा जाहीर करायला १८० दिवस दिले होते, ती मुदत कधीच संपली. विकता तर कोणत्याही स्थितीत येत नाही.

हत्थाजोडी दुर्मीळ झाडाचं मूळ म्हणून विकतात. ते घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, किंवा प्लॅस्टिकची नक्कल. सियारसिंगी कोल्ह्याचं शिंग म्हणून देतात. कोल्ह्याला शिंग नसतं, कातडीच्या केसाळ तुकड्याला आकार दिलेला असतो. अनुसूची एकमधल्या प्राण्यांसाठी २०२२च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. वाघनखाच्या आकाराचं सोन्याचं पदक करून घ्या, त्याला कोणी हरकत घेत नाही.

१८. पणजोबांचा गाऊ किंवा जुना टाक परदेशी नेता येईल का?

वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू जुनी दिसते पण तितकी नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्या; विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही. नेपाळातून आणतानाही १०० वर्षांचीच मर्यादा आहे, तिथे पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो.

१९. थोकचा म्हणजे काय? आकाशातून पडलेलं लोखंड?

तिबेटी समजूत तशी आहे, नावाचा अर्थही तसाच. शेतात, कुरणात सापडणाऱ्या या जुन्या छोट्या धातूच्या वस्तू ताईतासारख्या बाळगतात: बकलं, पक्षी, वज्रं. बहुतेक थोकचा प्राचीन काळी ओतलेल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, उल्केच्या लोखंडाच्या क्वचित. चुंबकाला चिकटली म्हणून ती उल्काच असं होत नाही.

२०. गाऊ गोळीपासून वाचवतो, ताईताने आजार बरा होतो, हे खरं का?

३१ मार्च १९०४ रोजी तिबेटातल्या गुरू नावाच्या गावाजवळ ब्रिटिश फौजेने गोळीबार केला, त्यात शेकडो तिबेटी मेले. त्यांतल्या कित्येकांच्या गळ्यात गाऊ होते. त्या मोहिमेतून नेलेले गाऊ आज ब्रिटनच्या संग्रहालयांत आहेत.

आजाराबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९५४च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यात ताईत, मंत्र आणि कवच यांना नाव घेऊन ‘जादूचा उपाय’ म्हटलं आहे, आणि त्यांनी रोग बरा होईल अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरपासून रोखून गंडेदोरे करणाऱ्याला ६ महिने ते ७ वर्षं कैद होऊ शकते. ताईत बांधून दवाखान्यात जायला कोणाचीच ना नाही.

२१. आम्ही हिंदू आहोत, गाऊ देवघरात ठेवला तर चालेल? आणि महाराष्ट्रातले बौद्ध गाऊ वापरतात का?

ठेवा, पण प्रश्न १२ मधला उंचीचा नियम पाळा आणि हळद-कुंकू, पंचामृत त्यावर नको. खिडकीतून आत गेलं की मातीची मूर्ती विरघळते. दिवा आणि वाटीभर स्वच्छ पाणी पुरे.

गाऊ ही वज्रयानातली, म्हणजे तिबेटात रुजलेल्या तांत्रिक बौद्ध परंपरेतली वस्तू. १९५६च्या धम्मदीक्षेतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजात तिची प्रथा नाही.

२२. जीर्ण ताईत, फुटलेली त्सत्सा, जुने मंत्र यांचं काय करावं?

तिबेटी लोक त्या वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत: स्तूपाच्या पोटात, गुहेत किंवा डोंगरावरच्या स्वच्छ उंच जागी ठेवतात, कागद आदराने जाळतात. आपल्याकडे ‘वाहत्या पाण्यात सोडा’ सांगतात, पण नळी पाण्यात कुजत नाही आणि प्लॅस्टिक तर मुळीच नाही. नळी उघडा, साल किंवा कागद जाळून राख तुळशीच्या किंवा एखाद्या झाडाच्या मुळाशी घाला. दोरा सुती असेल तर त्याच्यासोबत. चांदी सोनाराकडे द्या. तांब्याची नळी घासून नव्या ताईताला वापरता येते, मात्र टोपीचे आटे झिजले असतील तर ती मोडीत घाला.